काळ्या दगडावरची रेघ

मराठी भाषेनें दगडावर मोठा अन्याय केला आहे. वर्गांत एखाद्या मुलास गणित सुटलें नाहीं कीं तो 'दगड'. कोणाच्या मनास दया शिवत नसली कीं त्याचें काळीज दगडाचें. आणि दोन वाईटांतून एक निवडावयाचें झालें कीं 'दगडापेक्षां वीट मऊ'. ह्या सर्व बोलण्याच्या मुळाशीं एकच समजूत आहे, कीं सगळे दगड सारखेच. त्यांत निवडण्यासारखें, पारखण्यासारखें कांहीं नाहीं. ही समजूत किती फसवी आहे हें दाखविण्याकरितां आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें तीन काळे दगड ठेवीत आहों.

पहिला दगड स्वयंपाकघरांतील पाटा. दुसरा ओट्यावर बसविलेली काळी कडप्पा फरशी. तिसरा घरांत नसला तरी पेठेंत सोनाराच्या दुकानीं पाहावयास मिळेल. तो म्हणजे कसोटी. तिन्ही काळे, तिन्ही जड, तिन्ही हातास थंड. रंगावरून ओळखूं पाहणारा मनुष्य तिघांस एकाच नांवानें हांक मारील. परंतु पाटा हा एके काळीं वितळलेल्या लाव्हारसाचा गोठलेला तुकडा आहे. कडप्पा फरशी ही प्राचीन समुद्राच्या तळाशीं सांचलेला चुन्याचा गाळ आहे. आणि चांगली कसोटी ही बहुधा गारगोटीच्याच द्रव्याची, पण अत्यंत सूक्ष्म कणांची शिळा असते. काळ्या चुनखडकाचा काळेपणा पुष्कळदां त्यांत मिसळलेल्या कार्बनाच्या अल्पशा अंशाचा असतो; पाट्याचा काळेपणा त्यांतील लोहयुक्त खनिजांचा. रंग एक, कारणें निराळीं. म्हणून खडक ओळखतांना रंगाची साक्ष काढावी, पण एकट्या रंगावर निकाल देऊं नये.

मग निकाल कशावर द्यावा? दगडाच्या अंगच्या ज्या गुणांची परीक्षा हातानें, डोळ्यानें व साध्या घरगुती साधनांनीं करतां येते, त्या गुणांवर. त्यांचा क्रमही कांहींसा ठरलेला आहे.

प्रथम दगडाचा ताजा चेहरा पाहावा. उन्हापावसांत शेंकडों वर्षें पडलेल्या दगडावर एक साल चढलेली असते आणि ती साल सर्रास खोटें बोलते. आमच्या डोंगरांतील काळा फत्तर बाहेरून तांबूस, पिवळट, कधीं राखेच्या रंगाचाही दिसतो. कांहीं ठिकाणीं तर त्याचे गोल धोंडे कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यांनीं सुटतात, व मुलें त्यांस तोफेचे गोळे समजतात. आंतील गाभा फोडून पाहिला म्हणजे तोच तो काळा फत्तर निघतो. तेव्हां एक छोटी हातोडी हवी, व डोळ्यांवर चष्मा हवा, कारण फत्तराची कपची सुरीसारखी उडते. किल्ल्याचा, लेण्याचा किंवा कोणाच्या कुंपणाचा दगड मात्र फोडूं नये. रस्त्याच्या कामावर सांडलेली खडी ह्या अभ्यासास पुरेशी आहे.

ताज्या फुटीवर भिंग धरलें म्हणजे दुसरा गुण दिसतो, तो कणांचा. ह्या गुणावर आमचें विशेष प्रेम आहे, कारण दगड कोठें व कसा जन्मला हें तो जवळजवळ उघड सांगतो. घरीं आईनें साखरेचा दाट पाक करून तो दोऱ्यासह एका भांड्यांत कित्येक दिवस न हालवितां ठेवला, तर त्या दोऱ्यावर खडीसाखरेचे मोठे स्फटिक बांधले जातात. तोच पाक आटवून भराभर घोटला तर बारीक साखर पडते. साखर तीच, फरक काय तो वेळाचा. खडकांचेंही असेंच आहे. पृथ्वीच्या पोटांत खोल राहिलेला तप्त रस फार सावकाश निवतो, म्हणून त्यांतील स्फटिक मोठे होतात आणि नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. ग्रॅनाइट तो हाच. त्यांत कांचेसारखे करडे कण गारगोटीचे, पांढरे किंवा गुलाबी सपाट कण फेल्डस्पारचे, आणि चमकणारे पातळ पापुद्रे अभ्रकाचे. उलट, जो रस भेगांतून वर येऊन उघड्या हवेंत पसरला, तो लौकर थिजला व त्याचे कण भिंगाशिवाय दिसूं नयेत इतके बारीक राहिले. आमचा काळा फत्तर, ज्यास भूशास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात, तो असा आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर ह्या रसाचे थरावर थर पसरले. महाबळेश्वराच्या परिसरांत त्यांची एकूण जाडी हजार मीटरांहून अधिक आहे. वेरूळचें कैलास लेणें कोरलें तें ह्याच फत्तरांत.

येथें पालकांस एक व्यावहारिक गोष्ट सांगतों. बाजारांत 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जी चकचकीत फरशी विकली जाते, ती शास्त्राच्या दृष्टीनें ग्रॅनाइट नसते. बेसॉल्टाच्याच नात्यांतला, पण जमिनीखालीं सावकाश निवल्यामुळें ठसठशीत कणांचा झालेला तो खडक असतो. व्यापारी त्यास ग्रॅनाइट म्हणतो तें टणकपणा व झिलई ह्यांमुळें. फरशी उत्तमच असते. नांव तेवढें उसनें आहे.

आतां काठिण्य. 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणजे न पुसणारी गोष्ट, असें आपण म्हणतों. भूशास्त्राचा विद्यार्थी मात्र विचारील, कोणत्या काळ्या दगडावरची, व रेघ कशानें ओढली? खिशांतील चाकूचें टोंक कडप्पा फरशीच्या तुकड्यावर जोरानें ओढावें. चर पडतो व त्यांत पांढुरकी भुकटी निघते. तोच चाकू ताज्या काळ्या फत्तरावर ओढला तर दगडास फारसें कांहीं होत नाहीं. करडी रेघ दिसते खरी, पण बोटानें पुसून व भिंगांतून पाहून खात्री करावी, कारण ती पुष्कळदां दगडाची नसून झिजलेल्या पोलादाची असते! ओरखडा कोणास पडला, दगडास कीं चाकूस, हें न पाहतांच निर्णय देणारीं मुलें आम्हांस दर वर्षीं भेटतात.

काठिण्याचा क्रम लावण्याची रीत फ्रीडरिख मोस ह्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं घालून दिली. त्यानें दहा खनिजें घेतलीं व जें दुसऱ्यास ओरखडा पाडील तें वर, असा क्रम लावला. सर्वांत खालीं शंखजिरें, ज्याची भुकटी अंगास लावण्याच्या पावडरींत पडते. त्यावर जिप्सम, मग चुन्याचा स्फटिक कॅल्साइट. सहाव्या पायरीवर फेल्डस्पार, सातवीवर गारगोटी, आठवीवर पुष्कराज, नववीवर कुरुंद, व दहावीवर हिरा. माणिक व नीळ हीं दोन्ही रत्नें कुरुंदाचींच रूपें होत, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटतें. ह्या शिडीवर आपलें नख सुमारें अडीच, तांब्याची तार तीन, आणि चाकू व खिडकीची कांच सुमारें साडेपांच ठरतात. म्हणजे नख, तार, चाकू व गारगोटीचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर काठिण्याचा बहुतेक कारभार चालतो. मात्र हे आंकडे क्रमांक आहेत, गुण नव्हेत. वर्गांत पहिल्या व दुसऱ्या मुलामध्यें एका गुणाचें अंतर असूं शकतें किंवा पन्नासांचें; क्रमांकावरून तें कळत नाहीं. हिरा कुरुंदाहून एकच पायरी वर आहे, पण प्रत्यक्ष मापलें तर त्यांच्या कठीणपणांत कित्येक पटींचें अंतर निघतें.

आणखी एक सावधगिरी. मोसची शिडी खनिजांकरितां आहे; खडक हा बहुधा अनेक खनिजांचा कुटुंबकबिला असतो. वालुकाश्माचा कण बहुधा गारगोटीचा, म्हणून चाकूस दाद न देणारा. पण कणांस धरून ठेवणारें बंधन कच्चें असलें तर सबंध दगड बोटानें चोळून भुगा होतो. कण कठीण, दगड मऊ. पाट्यासाठीं असा दगड घेतला तर चटणींत वाळू येईल. काळ्या फत्तरांत मात्र निरनिराळ्या खनिजांचे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतून बसलेले असतात. त्यामुळें टाकी लावतांना तो हवा तेवढाच टवका सोडतो, व टाकीचा खडबडीतपणा बरेच दिवस टिकतो. पाथरवटानें हें पुस्तक वाचून ठरविलें नव्हतें. तो दगडावर हातोडी टाकून आवाज ऐकतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर आंत चीर किंवा कुज आहे असें समजून टाकून देतो. आम्ही ह्यासही परीक्षाच म्हणतों.

चौथी परीक्षा लिंबाची. कडप्पाच्या तुकड्यावर चाकूनें थोडी भुकटी काढावी, तीवर लिंबाचा रस पिळावा व भिंगांतून पाहावें. बारीक बुडबुडे उठतात. चुनखडकांतील कार्बोनेटावर आम्लाची क्रिया होऊन कर्बद्विप्राणिल वायु, म्हणजे सोडावॉटरांत असतो तोच, सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल शिक्षकांच्या देखरेखीखालीं वापरलें तर फेंस स्पष्ट दिसतो. शहाबादी फरशी व संगमरवर ह्यांवरही असेंच होतें, कारण दोघांचें द्रव्य तेंच. काळ्या फत्तरावर किंवा ग्रॅनाइटावर कांहीं होत नाहीं. आतां पुष्कळ माउलींच्या मनांतलें एक कोडें सुटेल. कडप्पाच्या ओट्यावर लिंबाची फोड किंवा चिंचेचें पाणी राहिलें कीं पांढुरका डाग पडतो, व तो कितीही घांसला तरी जात नाहीं. तो डाग मळाचा नव्हे. तेथील दगडच खाल्ला गेला आहे व त्याची झिलई गेली आहे. घांसून तो निघणार नाहीं, पुन्हां झिलई केली तरच जाईल. नवा ओटा घालणाऱ्यानें दुकानदारापाशीं एक तुटका तुकडा मागून घ्यावा व पैसे देण्यापूर्वीं घरीं त्यावर चाकू व लिंबू चालवून पाहावें. पांच मिनिटांचें काम आहे आणि त्यावर पुढील वीस वर्षांचा ओटा अवलंबून आहे. पाटा चुनखडकाचा कां करीत नाहींत हेंही ह्यावरून उघड होतें: ज्या शिळेवर रोज चिंच, कोकम व लिंबू पडणार, तिला आम्लानें विरघळून चालणार नाहीं.

हीच गोष्ट तिसऱ्या काळ्या दगडाची. सोनार कसोटीवर दागिना घांसतो तेव्हां रेघ दगडाची उमटत नाहीं, सोन्याची उमटते. कारण सोनें मऊ, काठिण्यांत तिसऱ्या पायरीच्याही आंतबाहेर. मग तो तीवर नत्राम्लाचा थेंब टाकतो. हिणकस धातू विरघळते, सोनें राहतें, आणि उरलेल्या रेघेचा रंग पाहून तो कस सांगतो. कसोटी चुनखडकाची असती तर आम्ल पडतांच दगडच फसफसला असता व सोन्याची परीक्षा राहिली असती बाजूस! म्हणून ती आम्लास न भिणारी, सोन्याहून पुष्कळ कठीण, व रेघ अखंड उमटावी इतक्या बारीक कणांची लागते. हे तीन गुण एकत्र आलेला दगड सहज मिळत नाहीं.

सोनाराचीच युक्ति उलटी करून खनिजें ओळखतां येतात. फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या बुडाशीं जेथें झिलई नसते, तेथें खनिज घांसावें व त्याच्या भुकटीचा रंग पाहावा. हेमॅटाइट नांवाचें लोखंडाचें खनिज बाहेरून काळें असो, करडें असो कीं तांबडें, त्याची रेघ नेहमीं तांबडी. पायराइट सोन्यासारखें पिवळें चमकतें, पण त्याची रेघ हिरवट काळी येते. सोन्याची रेघ मात्र पिवळीच.

वजनाची परीक्षा हिशेबाची आवड असणाऱ्या मुलांस रुचेल. दगडास दोरा बांधून ताणकाट्यास अडकवावा व वजन पाहावें. मग तो दोऱ्यावर टांगलेलाच, बुडास न टेकवितां, बादलींतील पाण्यांत बुडवून पुन्हां वजन पाहावें. समजा हवेंत ५८० ग्रॅम भरला व पाण्यांत ३८०. घट २०० ग्रॅम. आर्किमिडीजच्या नियमानें हें त्याच्या आकारमानाच्या पाण्याचें वजन. ५८० ला २०० नीं भागिलें तर २.९ येतात. म्हणजे तो दगड पाण्याच्या २.९ पट जड आहे, व ही संख्या काळ्या फत्तरास जुळते. चुनखडकाची संख्या २.७ च्या जवळपास, ग्रॅनाइटाचीही तशीच. परंतु हा प्रयोग उतावळ्यांचा नव्हे. वरच्या उदाहरणांत पाण्यांतील वजन वाचतांना दहा ग्रॅमांची चूक होऊन ३७० धरलें, तर उत्तर २.७६ येतें आणि फत्तराचा चुनखडक होतो! दगड मोठा घ्यावा व तीनदां मोजावें.

शिवाय दगड भरीव असला पाहिजे, आणि आमचा काळा फत्तर नेहमीं भरीव नसतो. लाव्हारसांतील वायु वर येतांना तो थिजला, तर त्यांत बत्ताशांतल्यासारख्या पोकळ्या राहतात. पुढें कोमट-गरम पाणी त्यांतून झिरपून पोकळ्यांच्या भिंतींवर पांढरे, हिरवे, गुलाबी स्फटिक बसवितें. पुणें, नाशिक व जळगांव ह्या जिल्ह्यांतील विहिरींत व खाणींत हे विपुल निघतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेले कॅव्हॅनसाइटाचे निळे स्फटिक तर जगांतील संग्रहालयांत गेले आहेत. मुलें असे चकाकणारे तुकडे 'हिरे' म्हणून घेऊन येतात. आम्ही त्यांची निराशा करीत नाहीं, फक्त हातांत चाकू व लिंबू देतों. चाकूनें चर पडला व लिंबानें फेंस आला तर कॅल्साइट. चर पडला पण फेंस आला नाहीं तर बहुधा झिओलाइट वर्गांतील खनिज. चाकू हरला व त्या तुकड्यानें कांचेवर ओरखडा पाडला तर गारगोटीचा स्फटिक. एवढ्यावर मुलगा आपलें आपणच नांव ठेवतो. ह्यावरून हेंही ध्यानांत यावें कीं फत्तरावर लिंबू पिळतांना थेंब त्याच्या मुख्य अंगावर टाकावा, पांढऱ्या ठिपक्यावर नव्हे. नाहींतर कॅल्साइटाच्या एका दाण्यावरून सबंध फत्तर चुनखडक ठरेल.

एवढ्या परीक्षा झाल्यावर खडकांचे तीन मोठे वर्ग सांगावयास हरकत नाहीं. तप्त रस निवून झालेले ते अग्निजन्य. स्फटिक एकमेकांत गुंतलेले, कण लहान किंवा मोठे, कधीं पोकळ्या. पाणी वा वारा ह्यांनीं आणलेला गाळ सांचून झालेले ते स्तरित. थर दिसतात, कण गोलसर असतात, व दैव असेल तर शिंपल्याचा किंवा पानाचा ठसा सांपडतो. चंद्रपुराकडील वालुकाश्म व त्यांसोबतचा दगडी कोळसा ह्या वर्गांतील होत. तिसरे रूपांतरित, म्हणजे आधींच झालेला खडक उष्णतेनें व दाबानें पालटून झालेले. चुनखडकाचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, चिकणमातीच्या खडकाची पाटीचा दगड. संगमरवराचा तुकडा फोडून भिंगांतून पाहिला तर साखरेसारखे चमकणारे दाणे दिसतात, पण लिंबाची परीक्षा तो चुनखडकासारखीच देतो. रूप बदललें, द्रव्य बदललें नाहीं.

कोंकणांतील आमचे विद्यार्थी येथें विचारतील कीं आमचा जांभा कोणत्या वर्गांत? प्रश्न योग्य आहे, व तीन वर्गांची नीटनेटकी मांडणी येथेंच अडते. जांभ्यास भोंकें आहेत, पण तीं वायूचीं नव्हेत. रेघ तांबूस येते, लिंबानें फेंस येत नाहीं, थर दिसत नाहींत, गुंतलेले स्फटिकही दिसत नाहींत. जोराच्या पावसानें व उष्णतेनें मूळ खडकांतील विरघळणारीं द्रव्यें दीर्घकाळ धुवून जाऊन लोह व ॲल्युमिनियम ह्यांचे जे अंश जागच्या जागीं मागें उरले, त्यांचा जांभा झाला. खाणींत तो ओलसर व मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापतां येतात. हवेंत राहून ते कठीण होतात. फ्रान्सिस बुकॅनन ह्या प्रवाशानें मलबारांत अंगडीपुरम येथें लोक हा दगड विटांसारखा कापतांना पाहिले, व १८०७ सालीं छापलेल्या ग्रंथांत विटेस असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास लॅटराइट हें नांव दिलें. पांचगणीच्या पठाराचा माथा व साताऱ्याजवळचें कासचें पठार हींही जांभ्याचींच. कांहीं ग्रंथकार त्यास स्तरित खडकांत बसवितात, कांहीं वेगळा ठेवितात. आमच्या शाळेच्या संग्रहाच्या पेटींत आम्ही त्यास चौथा कप्पा दिला आहे, आणि त्याच्याशेजारीं कोल्हापूर जिल्ह्यांतून आलेला बॉक्साइटाचा फिकट, वाटाण्यासारख्या गोळ्यांनीं भरलेला तुकडा ठेवला आहे. तोही अशाच धुण्यांतून मागें उरलेला, फक्त त्यांत लोह कमी व ॲल्युमिनियम अधिक.